बार्थोबाचं पेन्शन

नारायण पेठेत राहणाऱ्या गोपाळकृष्ण सोवन्यांना सकाळी सकाळी कोणी "काय विशेष?" असं विचारू नये. ज्यांनी विचारलं ते पस्तावले. "टिपेरारीच्या लोहाराला पेन्शन मंजूर झालं," असं सोवनी आनंदाने सांगतात, आणि विचारणारा दुधाची पिशवी हातात धरून उभाच राहतो.

"कधी झालं?"

"एकोणीसशे सदतीसला. मला आज कळलं."

हे वेड त्यांना आयर्लंडात लागलं. मुलगी वल्लरी डब्लिनला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी सोवनी आणि त्यांच्या पत्नी हेमाताई तिच्याकडे दोन महिने राहायला गेले. पहिल्या आठवड्यात समुद्र पाहून झाला, पूल पाहून झाले, आणि हिरवं गवत तर इतकं पाहून झालं की हेमाताई म्हणाल्या, "आता मी हंबरायला लागेन." मग पाऊस लागला तो थांबेचना. हेमाताईंनी लेकीच्या स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतले, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. सोवनी मात्र खिडकीपाशी बसून समोरच्या घरातला कुत्रा किती वाजता बाहेर पडतो हे पाहायला लागले होते. बापाची ती दशा बघून वल्लरीने एका रविवारी त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडून ठेवला.

"बाबा, हे वाचा. इथल्या लष्कराच्या अभिलेखागाराने सगळं ऑनलाइन ठेवलंय. इंग्रजांशी लढलेल्या लोकांचे पेन्शनचे अर्ज."

"पेन्शनचे अर्ज?" सोवनी ताठ बसले. "दुसऱ्यांचे?"

"हो. हजारो आहेत."

"आणि कोणीही वाचायचे?"

"कोणीही. फुकट."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या पुणेकराला स्वर्गात याहून वेगळं काय मिळणार होतं? आपलं पेन्शन काय, कोणीही घेतो. दुसऱ्याचं कसं कसं अडलं हे सविस्तर वाचायला मिळायला पूर्वपुण्याई लागते. त्या दिवशी सोवनी जेवायला उठले तेव्हा हेमाताईंनी भात दुसऱ्यांदा गरम केला होता.

प्रकरण खरंच रंगतदार होतं. इंग्रज गेल्यावर आयर्लंडच्या सरकारने लढलेल्यांना पेन्शन द्यायचं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर कुठलंही सरकार जे करतं तेच केलं, पुरावा मागितला. आता हे सैन्य लपूनछपून लढणारं. कोण कुठल्या रात्री कुठल्या कुंपणामागे दबा धरून बसलं होतं, याचा हजेरीपट कोण ठेवणार? त्यामुळे ज्याने त्याने अर्ज भरायचा, आपल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या साक्षी जोडायच्या आणि समितीपुढे शपथेवर सांगायचं की मी अमुक दिवशी अमुक केलं. एवढं करून 'प्रत्यक्ष लढाईतली सेवा' सिद्ध झाली तर पेन्शन, नाही तर रामराम. कोणी गवताच्या गाडीतून बंदुका नेल्या होत्या, कोणा बाईने अंबाड्यात चिठ्ठ्या खोवल्या होत्या. सगळे समितीपुढे उभे राहून टोपी चुरगाळत सांगत होते, आणि नव्वद वर्षांनी सोवनी डोळ्यांना चष्मा लावून त्यांची बाजू घेत होते.

पुण्याला परत आले तरी वाचन सुटलं नाही. सकाळचा पहिला चहा झाला की सोवनी संगणकापुढे. हेमाताई पोहे करता करता विचारायच्या, "आज कोणाचं?" आणि ते सांगायचे. मंजूर झालं की घरात आनंदीआनंद, पोह्यांवर जास्त खोबरं. नामंजूर झालं की सोवनी त्या समितीला दिवसभर नावं ठेवायचे.

अशाच एका सकाळी त्यांना बार्थोलोम्यू लूसी सापडला. कॉर्क परगण्यातला साधा शेतमजूर. त्याची टाइप केलेली साक्ष वाचताना सोवन्यांच्या नाकात चहा गेला. ठसका ऐकून हेमाताई धावत आल्या.

"काय झालं?"

"ऐक. आधी बस आणि ऐक." सोवनी इंग्रजीतलं मराठीत करत वाचायला लागले. "समिती विचारते, चकमकीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात? हा म्हणतो, चर्चमागच्या चरात. तिथे काय करत होतात? सायकली सांभाळत होतो. किती सायकली? अकरा. तुमच्याजवळ शस्त्र काय होतं? पंप."

"पंप?"

"सायकलचा पंप! समिती पुढे विचारते, गोळीबार चालू असताना तुम्ही काय केलंत? हा म्हणतो, कॅप्टनसाहेबांच्या मागच्या चाकात हवा टिकत नव्हती. पंक्चर काढलं."

हेमाताई जवळच्या खुर्चीत बसल्या त्या हसून हसून उठेनात. पोहे लागले. लागलेले पोहे खातानाही दोघं एकमेकांकडे बघून "पंप" म्हणायची आणि पुन्हा फुटायची. सत्तरीच्या नवऱ्याने आणि सहासष्टच्या बायकोने इतकं हसावं हे बरं दिसत नाही, पण बघायला कोण होतं?

"नाव काय म्हणालात?" हेमाताईंनी डोळे पुसत विचारलं.

"बार्थोलोम्यू."

"फार लांब आहे. बार्थोबा म्हणा."

झालं. आठ दिवसांत बार्थोबा इमारतीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. कोपऱ्यावरची भाजीवाली गवार तोलताना "काका, त्या बार्थोबाचं लागलं का मार्गी?" असं विचारायला लागली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा उत्तरेश्वर हा धाराशिवकडचा मुलगा, हिंजवडीला नोकरी करणारा, तो रोज बस पकडण्याआधी दारात थांबून कालची बातमी घ्यायचा. बार्थोबाच्या कॅप्टनने समितीला पत्र लिहिलं होतं, ते सोवन्यांनी त्याला जिन्यातच वाचून दाखवलं. "इंग्रजांच्या लॉऱ्या येताना ऐकू आल्या तेव्हा अकराही सायकली रस्त्याकडे तोंड करून, हवा भरून उभ्या होत्या. लूसी नसता तर आम्ही पळालो कशावर असतो? आज आम्ही सगळे जिवंत आहोत."

"लै भारी माणूस आहे राव," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्याची बस गेली.

पण साक्षीच्या शेवटच्या पानावर समितीचा शेरा होता. प्रत्यक्ष लढाईतली सेवा सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर. बार्थोबाने पुन्हा अर्ज केला. पुन्हा नामंजूर. त्याचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. मी सांगितलं ते खरं आहे. याहून जास्त सांगता आलं असतं, पण ते खरं नसतं. आपला नम्र, बी. लूसी.

पत्र वाचून झाल्यावर सोवन्यांनी चष्मा काढून ठेवला. मग उठून त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"अहो," हेमाताई म्हणाल्या, "तो बिचारा जाऊन सुद्धा कितीतरी वर्षं झाली असतील."

"म्हणून काय झालं?" सोवनी म्हणाले. "अन्याय तो अन्याय."

हेमाताईंनी रिकामी झारी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांना कळलं होतं की हे कुठे लागलंय.

गोष्ट अशी की सोवनी हे त्यांच्या गल्लीतल्या उंबरपार तरुण मंडळाच्या पडद्याचे मानकरी. मंडळ गणपतीत दरवर्षी जिवंत देखावा करतं. रस्त्याच्या कडेला स्टेज, समोर रस्त्यात उभे राहिलेले लोक, आणि दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, जो संध्याकाळभर पुन्हा पुन्हा होतो. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. स्टेजवरच्यांनी नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. सोवनी अठराव्या वर्षी मंडळात आले तेव्हा पडदा ओढणारा मुलगा कावीळ होऊन पडला होता. "आजच्या दिवस ओढ," असं त्यांना सांगितलं गेलं. त्या आजच्या दिवसाला आता बावन्न वर्षं होतील. आग्र्याहून सुटकेचे पेटारे त्यांच्या अंगावरून गेले, हुंडाबळीची सून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून आपल्या प्रवेशाची वाट बघत डुलक्या घेत बसली, पण समोरून देखावा कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही. स्टेजवर एखादं काम मागितलं की जो कोणी अध्यक्ष असेल तो म्हणायचा, "तुम्ही गेलात तर पडदा कोण ओढणार?" हे ऐकून त्यांना बरंही वाटायचं. माणसाला गुंडाळायचा हा फार जुना उपाय आहे.

गेल्या वर्षी मंडळाने ज्येष्ठ कलाकारांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. रामदास केतकर, सोवन्यांचे शाळेपासूनचे मित्र, मंडळाच्या इतिहासात एकूण तीनदा पहारेकरी म्हणून उभे राहिलेले, त्यांनाही शाल मिळाली. त्या सत्काराचा पडदा सोवन्यांनीच ओढला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अध्यक्षाला सहज विचारल्यासारखं विचारलं. अध्यक्ष सुदर्शन हा अठ्ठावीस वर्षांचा, आयटीतला, मनाने चांगला मुलगा. तो म्हणाला, "आजोबा, लिस्ट स्टेजवरच्या आर्टिस्ट लोकांची होती ना." सोवनी म्हणाले, "बरोबर आहे." घरी येऊन त्यांनी श्रीखंड नको म्हटलं. हेमाताईंच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तर बार्थोबाचं पत्र वाचल्यावर सोवन्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुसून बसली. यंदा स्टेजवर उभं राहायचं, आणि बार्थोबा म्हणून उभं राहायचं. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कोणी सांगावं? यंदा नाही तर कधीच नाही.

मंडळाच्या बैठकीत देखाव्याचे विषय निघाले. मोबाइलचं व्यसन झालं, नदीचं प्रदूषण झालं. मग सोवनी उभे राहिले आणि त्यांनी आयर्लंड काढलं.

"आयर्लंडचा आणि नारायण पेठेचा संबंध काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"इंग्रज," सोवनी म्हणाले आणि त्यांनी साक्ष वाचायला घेतली. पंपापाशी सगळी बैठक आडवी झाली. पंक्चरपाशी खजिनदाराला उचकी लागली. सुदर्शन टाळी वाजवून म्हणाला, "आजोबा, हे तर एकदम युनिक आहे! पुण्यात कोणाकडेच नसेल. फक्त एन्डिंग वीक आहे. आपण त्याला बंदूक देऊ. लास्टला तो सायकलींवर आडवा पडतो, छातीत गोळी, भगवा लाइट."

"मी त्याच्या मृत्यूची नोंद शोधून काढली. तो न्यूमोनियाने गेला. अंथरुणात. एकाहत्तराव्या वर्षी."

"आजोबा, न्यूमोनियाला टाळ्या पडत नाहीत."

"न पडू देत. नोंदीत आहे तेच होईल. नोंदीबाहेरचा एक शब्द नको." सोवन्यांनी घसा साफ केला. "आणि बार्थोबा मी करणार."

सुदर्शनने डोकं खाजवलं. "करा ना आजोबा. पण मग पडद्याला..." त्याने पोरांकडे पाहिलं. पोरं छताकडे बघायला लागली. प्रत्येकाला स्टेजवर जायचं होतं, घरच्यांनी फोटो काढायचे होते, पडद्यामागच्या अंधारात उभं राहून कोणाचा फोटो निघाला आहे? "पडद्याला माणूस आणा, बार्थोबा तुमचा," सुदर्शन म्हणाला. "नाही मिळाला तर सॉरी. तो पडदा फक्त तुमचं ऐकतो."

सोवन्यांनी पुढचे दिवस माणूस शोधण्यात घालवले. वारज्याचा भाचा म्हणाला, ऑफिस आहे. कात्रजचे साडू म्हणाले, पाठ आहे. उत्तरेश्वरला कॅप्टनचं काम मिळालं होतं आणि तो आरशासमोर खोटी दाढी लावून बघत होता. सोवनी संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. मीच ओढतो. बार्थोबा रामदास करेल."

हेमाताई गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी ओढते."

"काय?"

"पडदा. दोरीच आहे ना? का त्याला पदवी लागते?"

"अगं, तासन् तास उभं राहावं लागतं. अंधार असतो. डास असतात."

"लग्न झाल्यापासून हेच सांगून तुम्ही गणपतीत घराबाहेर राहिलात. मलाही बघू देत काय असतं तिथे."

सोवन्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हेमाताईंच्या पुढ्यातली गवार निवडायला घेतली, आणि देठ भांड्यात आणि शेंगा कचऱ्यात टाकल्या. हेमाताईंनी त्यांना तिथून हाकललं.

मग जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. देखाव्याला अकरा सायकली हव्या होत्या, आणि जुन्या, काळ्या, घंटीवाल्या. एके काळी या शहरात माणसांपेक्षा सायकली जास्त होत्या म्हणतात. आता माळ्यांवरून, जिन्याखालून, एका बंद पडलेल्या दुकानाच्या मागून शोधून शोधून दहा निघाल्या. पोरांनी गिअरच्या सायकली आणल्या त्या सोवन्यांनी परत पाठवल्या. अकरावी काही मिळेना. शेवटी गल्लीतल्या एका मुलीची गुलाबी सायकल घ्यावी लागली, पुढे टोपली असलेली. कोणी विचारलं तर सोवनी करड्या आवाजात सांगायचे, "त्या लढ्यात बायकाही होत्या. त्यांच्याही नोंदी आहेत. वाचा."

वल्लरीने डब्लिनहून खरी आयरिश टोपी पाठवली. पेन्शन समितीचे अध्यक्ष म्हणून रामदास केतकरांची निवड झाली, कारण त्यांचा चेहरा मुळातच नामंजूर करणाऱ्याचा होता. ध्वनिमुद्रण स्टुडिओत झालं. बार्थोबाला आवाज मात्र दिला एका व्यावसायिक कलाकाराने. खर्जातला, मखमली. सोवन्यांनी आपला आवाज द्यायची तयारी दाखवली होती, पण त्यांचा आवाज टेलिफोनवर "लाइन बिझी आहे" सांगण्यापुरता ठीक, असं ध्वनिमुद्रकाचं म्हणणं पडलं. सोवन्यांनी तेही मान्य केलं. शब्द नोंदीतले आहेत ना, मग आवाज कोणाचाही असो. तालमीत त्यांचे ओठ टेपशी इतके जुळायचे की सुदर्शन लॅपटॉप बंद करून खात्री करून घ्यायचा. टेप म्हणजे आता लॅपटॉपच असतो, पण मंडळात त्याला अजून टेपच म्हणतात.

गौरी जेवून गेल्या आणि देखावे सुरू झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी गल्ली माणसांनी फुलून गेली होती. हेमाताई पदर खोचून, हाताला रुमाल गुंडाळून दोरीपाशी उभ्या होत्या. सोवनी टोपी घालून, हातात पंप धरून सायकलींमध्ये. घाम टोपीतून कानावर.

"अहो, पाय थरथरतायत तुमचे," हेमाताई कुजबुजल्या.

"बार्थोबाचेही थरथरले असतील."

"नोंदीत आहे?"

सोवन्यांना हसू आवरेना, आणि तेवढ्यात पडदा सर्रकन उघडला.

बापरे, किती माणसं! लहान पोरं बापाच्या खांद्यावर, बायका पहिल्या रांगेत, मागे पार कोपऱ्यापर्यंत डोकीच डोकी, आणि सगळ्यांचे चेहरे इकडे. बावन्न वर्षं ही माणसं कापडाच्या पलीकडे होती. सोवन्यांच्या पोटातून आनंदाची एक उकळी आली आणि ती थेट डोक्यात गेली. हे असं असतं होय! हे रामदासने तीनदा पाहिलं आणि कधी बोललासुद्धा नाही, चोर लेकाचा!

खेळ सुरू झाला. उत्तरेश्वर आपली माणसं घेऊन चकमकीला गेला. धाड धाड आवाज झाले, धूर आला, धुराने समितीच्या सचिवाला खोकला आला. "जवळ शस्त्र काय होतं?" असं टेपने विचारलं, "पंप" असं टेपनेच सांगितलं, सोवन्यांनी पंप वर केला आणि अख्खी गल्ली हसली. आपल्याला हसली! सोवन्यांनी पंप दुसऱ्यांदा वर केला. तालमीत एकदाच होता. पंक्चर काढताना तर त्यांनी ट्यूब अशी काही फिरवली की पहिल्या रांगेतल्या आजी डोळे पुसायला लागल्या.

मग समिती गंभीर झाली. दिवे मंद झाले. रामदास केतकर पुढे झुकले आणि टेपमधून प्रश्न आला. "लूसी, शपथेवर सांगा. त्या लढाईत तुमचा प्रत्यक्ष सहभाग होता का?"

इथे टेपमध्ये थोडी शांतता होती. मखमली आवाजवाल्याने मुद्दाम ठेवलेली, परिणामासाठी. सोवन्यांनी फक्त मान खाली घालायची होती.

"होता!" सोवनी ओरडले.

रामदास केतकर दचकले. सुदर्शनने लॅपटॉपवरून डोकं वर काढलं.

"होता की!" सोवन्यांचा तो लाइन बिझी असलेला आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. "बावन्न वर्षं होता!"

गल्लीतल्या लोकांना क्षणभर काही कळेना. बार्थोबाची लढाई तर एका दुपारची. मग पेठेतल्या जुन्या माणसांना एकदम कळलं, आणि बाजूच्यांना त्यांनी कोपराने ढोसून सांगितलं. नेमकं त्याच वेळी टेपमधला मखमली आवाज म्हणाला, "नाही, साहेब. मी फक्त सायकली सांभाळत होतो." सोवनी ओठ घट्ट मिटून, लाल होऊन उभे. ज्याने नोंदीबाहेर एक शब्द नको म्हणून महिनाभर सगळ्यांचा जीव खाल्ला त्यानेच ही घाण केली होती. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि सोवन्यांना स्टेजखाली गडप व्हावंसं वाटत होतं. तरी पण, खरं सांगायचं तर, फार बरंही वाटत होतं.

टेप काही थांबत नव्हती. "समितीच्या मते," ती म्हणाली, आणि रामदास केतकरांनी ओठ हलवायला सुरुवात केली, "प्रत्यक्ष लढाईतली सेवा सिद्ध होत..."

"मंजूर!"

आवाज पडद्याच्या बाजूने आला. बाईचा, खणखणीत.

"मंजूर!" पहिल्या रांगेतल्या आजी ओरडल्या. "मंजूर, मंजूर!" खांद्यावरची पोरं ओरडायला लागली, त्यांना शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता. हां हां म्हणता सगळी गल्ली टाळ्यांच्या तालावर मंजूर मंजूर करायला लागली. त्या गदारोळात टेप म्हणत होती, "अर्ज नामंजूर," पण रामदास केतकरांनी आपलं तोंड मिटून घेतलं. त्यांनी मित्राकडे पाहिलं. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि सोवन्यांना दोन्ही हातांनी कडकडून मिठी मारली. मिठीत पंपाचा धक्का पहिल्या सायकलीला लागला, ती दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, खणण खणण करत ओळीने सगळ्या झोपल्या, आणि सगळ्यात शेवटी ती गुलाबी. पडदा पडला तरी बाहेरच्या टाळ्या थांबत नव्हत्या.

पडद्यामागे सगळे एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. उत्तरेश्वरची दाढी अर्धी निघाली होती. सुदर्शन धावत आला. "आजोबा, स्क्रिप्टची पार वाट लावलीत! पण पब्लिक वेडं झालंय. असंच ठेवू. मी टेप बदलून घेतो, शेवटी मंजूर."

सोवन्यांनी टोपी काढून घाम पुसला. "टेप बदलायची नाही. नोंदीत नामंजूर आहे. ते नामंजूरच राहील."

"मग आता जे झालं ते?"

"समितीने नामंजूर करायचं," सोवनी म्हणाले. "पुढचं लोक बघतील."

सुदर्शनने थोडा विचार केला आणि तो हसत हसत लॅपटॉपकडे पळाला. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी जमायला लागली होती. पोरं सायकली उचलत होती. सोवनी दोरीपाशी गेले. हेमाताईंच्या तळव्यावर दोरीचे लाल वळ उठले होते आणि त्या पदराने वारा घेत होत्या.

"तू ओरडलीस?"

"मग? पडद्याच्या माणसाने ओरडू नये असं लिहिलंय कुठे?"

"बावन्न वर्षांत मी एकदाही ओरडलो नाही."

"तेच चुकलं तुमचं," हेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या खेळासाठी दोरी हातात घेतली.